एक सप्तक खाली

माझे कान गेले, हे मंडळाच्या बैठकीत ठरलं. मी त्या बैठकीत समोरच बसले होते, पण मला विचारावं असं कुणाला वाटलं नाही. जिला ऐकू येत नाही तिला विचारायचं कशाला, असा सोपा हिशेब असावा.

रायपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी मुलांना गाणं शिकवत असे. माझं माहेर इथलंच, मराठ्यांच्या राज्यात येऊन स्थिरावलेल्यांपैकी. सासर विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी आलेलं. वर्गातली पोरं अशाच दोन्ही तऱ्हेच्या घरांतली. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि अभंग मात्र अस्खलित मराठीत म्हणायची. माझी साठी उलटली तरी मला ‘दीदी’च म्हणायची. संसार सगळ्यांचा असतो, तसा माझाही होता. पण स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे तो वर्ग सोडून दुसरं काही नव्हतं. तो गेला असता तर मी घरात चांगली जगले असते, सगळे म्हणतात तशी आरामात, आणि मला तोच आराम नको होता.

कान कमी झाले होते हे खरं. आधी उंच आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, दाराची बेल गेली. मग बोलण्यातले स, श, त, फ असे हलके आवाज गळायला लागले आणि समोरचा माणूस तोंडात सुपारी धरून बोलतो आहे असं वाटू लागलं. पण सूर जागच्या जागी होता. पोराचा गंधार केसभर उतरला तरी मला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. शब्द निसटायचे, सूर निसटत नव्हते. हे मी ज्याला त्याला समजावून सांगायची. लोक मान हलवायचे आणि माझ्याशी आणखी मोठ्यानं ओरडून बोलायचे.

त्याच सुमारास रायपूर राजधानी झालं. भोपाळहून ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर माणसं आली आणि त्यांच्यातलेच एक आमच्या मंडळाचे सचिव झाले. माणूस वाईट नव्हता. पण राजधानी झाली म्हणजे सगळंच राजधानीसारखं व्हायला हवं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. हॉलला रंग, नव्या खुर्च्या, नवा स्पीकर, आणि मुलांसाठी कीबोर्डचा वर्ग. शिकवायला एक तरुण मास्तरही त्यांनी शोधून ठेवला होता. वर्गाची वेळ एकच, हॉल एकच, तेव्हा ताईंनी आता विश्रांती घ्यावी आणि स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करावा, असं त्यांनी गोड भाषेत मांडलं. एका आईची तक्रार होती म्हणे, की ताईंना मुलांचं ऐकू येत नाही. मराठीत नारळ देणं कशाला म्हणतात ते मला चांगलं माहीत होतं. इथे तर खराखुरा नारळ यायचा होता.

मला त्यांचे शब्द अर्धेमुर्धे कळले, पण चेहरे पूर्ण कळले. मी उठून म्हटलं, की पुढच्या बैठकीला मी माझे कान घेऊन येते. या हॉलमध्ये, या टेबलाशी बसून तुमचं प्रत्येक वाक्य ऐकून दाखवते. नाही जमलं तर नारळ द्या, मी स्वतः फोडीन. लोक हसले, मोठ्या मनानं हो म्हणाले. मंडळाची बैठक महिन्याला असते. तेवढा वेळ माझ्या हातात होता.

हे ‘माझे कान’ म्हणजे काय ते सांगायला हवं. लेकीनं आधी कानातलं यंत्र घेऊन दिलं होतं. ते तंबोऱ्याजवळ नेलं की शिट्टी मारायचं, कारण त्याचा माइकही कानात आणि भोंगाही कानातच. मी ते डबीत घालून कपाटात ठेवलं. तेव्हा माझ्या नवऱ्यानं मनावर घेतलं. ते रेल्वेत तार आणि टेलिफोनच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांचा एकच छंद, जुन्या व्हॉल्वच्या रेडिओंचा. त्यांनी मला एक अॅम्प्लिफायर बांधून दिला. शिलाई मशीनच्या झाकणाएवढा लाकडी डबा, वर काचेचे व्हॉल्व, पुढे एक माइक लांब वायरवर, आणि माझ्या डोक्यावर हेडफोन. माइक समोर बसलेल्या पोराजवळ, भोंगे माझ्या कानावर, त्यामुळे शिट्टीचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा तो कानाला लावला तेव्हा नवरा समोर बसून नुसतं ‘चहा करतेस का’ एवढंच म्हणाला होता, आणि मला त्यातला ‘च’ ऐकू आला. मी रडले. चहाही केला.

दोन-तीन जाणत्या पोरींना मी घरी या डब्यावर शिकवत असे. हॉलमध्ये मात्र तो कधी नेला नव्हता. तिथे मी उघड्या कानांनी बसायची. डोक्यावर असलं काही घालून चारचौघांत बसणं बरं दिसत नाही, हे नवऱ्याचंही मत आणि तोवर माझंही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. बैठकीत तसं बोलून बसल्यावर मात्र मी ठरवलं, की डबा हॉलमध्ये जाणार.

आणि त्याच आठवड्यात डब्यातून घुंई यायला लागली.

आधी ती बारीक होती. व्हॉल्व तापले की मागून एक सलग सूर उभा राहायचा. मी पेटी पुढे ओढून तो सूर शोधला. खालच्या सप्तकातली पांढरी पाच, तिच्याहून किंचित चढा. मला त्यात गंमत वाटली, नवऱ्याला नाही. त्यांनी झाकण काढलं, आतली वीज स्क्रूड्रायव्हरनं उतरवली, मला चार हात लांब उभं केलं, कारण बंद असला तरी तो डबा मोठा झटका देऊ शकतो, आणि निदान केलं. कंडेन्सर गेला. घरातली वीज हेलकावे खात येते. तिला आधी एका दिशेनं वळवायचं काम एक व्हॉल्व करतो, आणि तिचे उरलेसुरले हेलकावे कंडेन्सर शांत करतो. तो म्हातारा झाला की हेलकावे कानात येतात. त्यांनी पंडरीच्या बाजूच्या एका दुकानातून नवा कंडेन्सर आणला, जुना फुगलेला काढला आणि डबा शांत झाला. मला वाटलं, संपलं.

नव्या कंडेन्सरवर मी पोरींचे जेमतेम काही धडे घेतले असतील, तोच घुंई परत आली. या वेळी नुसती घुंई नाही. मी जरा मोठ्यानं आलाप घेतला की कानातला आवाज बसायचा, जणू डब्याला धाप लागली आहे.

नवऱ्यानं नव्या कंडेन्सरला शिव्या घातल्या. दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला म्हणून तणतणत जाऊन दुसरा आणला. तो लावला, घुंई तशीच. मग म्हणाले अर्थिंग सुकलं. रायपूरच्या उन्हाळ्यात अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओततात, तशा त्यांनी पावसाळा नुकताच संपलेला असतानाही बादल्या ओतल्या. अंगणात चिखल झाला. घुंई तशीच. पुढचा व्हॉल्व काढून ठेवला, माइक काढला, तरी ती तशीच. म्हणजे गाण्याच्या बाजूला दोष नाही, वीज पुरवणाऱ्या बाजूला आहे, इथवर ते बरोबर आले. तिथला दाब, म्हणजे व्होल्टेज, त्यांनी मीटरनं मोजला. सुई हवी त्याच्या बरीच खाली थांबली. त्यावर त्यांनी काय करावं? समाधानानं मान डोलावली आणि म्हणाले, लाइनच कमी आहे.

हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावासारखं होतं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, संध्याकाळी लाइन कमी असायची हे सगळ्यांनी आईच्या दुधाबरोबर प्यायलं होतं. बल्ब पिवळा पडायचा, ट्यूबलाइटला काठीनं टोचावं लागायचं, पंखा पाचवर ठेवला तरी पाती मोजता यायची. प्रत्येक घरात एक स्टॅबिलायझर घुमत बसलेला. नवऱ्यानं या डब्याचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा भनपुरीच्या एका वाइंडिंगवाल्याकडून मुद्दाम तीन खुंट्यांचा करून घेतला होता. लाइन दोनशे असेल तर एक खुंटी, दोनशे वीसला दुसरी, दोनशे चाळीसला तिसरी. लाइन कमी असली तरी योग्य खुंटीवर वायर लावली, की डब्याला त्याचा पुरता हिस्सा मिळतो. त्यांनी वायर दोनशेच्या खुंटीवर लावली होती आणि त्यावर स्वतःवर खूश होते. दुसऱ्या दोन खुंट्या शोभेला.

तर लाइन कमी आहे म्हणून ते माळ्यावरून जुना स्टॅबिलायझर काढायला शिडी लावू लागले. मी शिडी धरली आणि म्हटलं, हा दोष लाइनचा नाही. ही घुंई पहिली घुंई नाही. ती वेगळी होती, ही वेगळी आहे.

ते शिडीवरूनच म्हणाले, "घुंई म्हणजे घुंई. त्यात वेगळी काय असते?"

"ही खालची आहे."

"अवो, तुले वाटून राहिलं तसं. कान कमी झाले ना, मग असे भास होते माणसाले."

घरात आम्ही असंच बोलतो. ते प्रेमळ माणूस आहेत, मला आयुष्यात कधी टाकून बोलले नाहीत. पण त्या दिवशी ते वाक्य मला मंडळाच्या सगळ्या बैठकीपेक्षा जास्त लागलं. बैठकीतल्या लोकांना मी माफ करू शकत होते. ज्या माणसानं माझ्यासाठी ‘च’ परत आणला, त्यानंही मला भास होतात म्हणावं? मी शिडी सोडली. ते पडले नसते, अजून खालच्याच पायरीवर होते. पण सोडली, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

मी पेटी आणली. डबा चालू करायला लावला, हेडफोनचा एक भोंगा माझ्या कानाला आणि दुसरा ओढून त्यांच्या कानाला. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसलो. पांढरी पाच दाबून म्हटलं, पहिली घुंई इथे होती, थोडी चढी. आता ऐका. ही तोच सूर आहे, पण याच्या पूर्ण एक सप्तक खाली. आमच्या पेटीत तेवढा खालचा सूर नाहीच. पेटी संपते, त्याच्याही खाली ही आहे.

त्यांनी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. माझा नवरा सुरांच्या बाबतीत शुद्ध दगड आहे. लग्नात म्हटलेली मंगलाष्टकं आणि रेल्वेची अनाउन्समेंट यांत त्यांना चालीचा फरक सांगता यायचा नाही. पण एक गोष्ट त्यांच्या कानात अडकली.

"सप्तक खाली म्हणजे किती खाली?"

"अर्धा. तार दुप्पट लांब केली की सूर अर्धा होते."

"अर्धा म्हणजे अंदाजे?"

"बरोबर अर्धा. गाण्यात अंदाजे काही नसते."

ते पेटीकडे बघत राहिले. त्यांनी माझं गाणं सगळा संसारभर ऐकलं होतं, निदान कानावर पडू दिलं होतं, आणि सप्तक म्हणजे अर्धं-दुप्पट हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या बाजूनं म्हणाल तर त्यांच्या डब्यात वीज कशी वळते ते मी कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी ते मला सांगितलं, अगदी हळू, स्वतःलाच सांगत असल्यासारखं.

वीज वळवणाऱ्या त्या व्हॉल्वमध्ये दोन पत्रे असतात. हेलकाव्याची एक बाजू एका पत्र्यावरून, दुसरी बाजू दुसऱ्यावरून. उखळात दोघी बायका आळीपाळीनं मुसळ घालतात तसं. दोघींचे घाव मिळून जो ठेका होतो तो पहिल्या घुंईचा सूर. त्यातली एक थांबली, तर ठेका बरोबर अर्धा पडतो.

"अर्धा," ते परत म्हणाले. "म्हणजे एक बाजू मेली आहे. दाब कमी भरला तो त्याच्यानंच."

कंडेन्सर कितीही बदलले असते, अर्थिंगला गंगा आणून ओतली असती, तरी काही होणार नव्हतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. त्यांनी डबा उलटा केला. दोन्ही पत्र्यांच्या वाटेवर एकेक बारका रेझिस्टन्स होता, वरून कापडी नळी चढवलेली, बघणाऱ्याला दोन्ही सारखेच धडधाकट. एकावर मीटर लावलं, सुई हलली. दुसऱ्यावर लावलं, सुई मेल्यासारखी पडून राहिली. नळी सरकवली तर आत जळून काळा ठिक्कर.

त्यांनी तो काढला, नवा बसवला, डबा चालू केला. व्हॉल्व तापले. मी हेडफोन लावून वाट बघत बसले. काही आलं नाही. त्या काही नसण्यात मला अंगणातल्या कुणाच्या तरी चपलांची फरफर ऐकू आली.

नवरा समोर येऊन बसला. माइक त्यांनी हातात घेतला, बोलायला लाजत होते हे दिसत होतं.

"तुले ऐकू येते," ते म्हणाले. "आमच्याहून जास्त येते."

मी म्हटलं, ते तर मी केव्हाची सांगून राहिले.

इथे कुणीही शहाणा माणूस झाकण लावून मोकळा झाला असता. नवरा लावतही होता. मी लावू दिलं नाही. मला एक प्रश्न खात होता. एकाच मोसमात आधी कंडेन्सर फुगला, मग रेझिस्टन्स जळला. हे असं काहून होते? ते म्हणाले, जुना माल, वय झालं. वय झालं हे उत्तर मला त्या दिवसांत सगळ्या प्रश्नांना मिळत होतं आणि मला ते आता कुणाकडूनच ऐकायचं नव्हतं. माझ्या बाबतीत नाही आणि डब्याच्या बाबतीतही नाही.

मी उठून घरभर फिरले. ट्यूबलाइटला काठी मारल्याचं मला आठवेना. ती काठी कोपऱ्यात जाळी धरून उभी होती. पंखा आम्ही कधीतरी पाचवरून तीनवर आणला होता आणि तरी तो कॅलेंडरची पानं फडफडवायचा. बल्ब हल्ली भसाभस उडत होते, आणि नवरा बल्बच्या कंपनीला नावं ठेवत होता. डब्यावरचे व्हॉल्व गेल्या वर्षापेक्षा जास्त लाल दिसत होते, तेही मी पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, वा, कसे तेजस्वी झालेत.

गल्लीच्या टोकाला राजधानीबरोबर एका मोठ्या साहेबांचा बंगला आला होता. तिथल्या खांबाशी लाइनमन काहीतरी करत होता. मी सरळ जाऊन त्यालाच विचारलं, लाइन वाढली का इथली.

"हव दाई," तो ओरडला, म्हातारी बघून सगळे ओरडतात तसा. "साल भर होगे नवा ट्रांसफार्मर लगे. तब ले लाइन फुल आथे."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, प्लगमधला दाब मोजा. ते म्हणाले, त्यात काय मोजायचं, तो पाठ आहे. मी म्हटलं, पाठ आहे म्हणूनच मोजा. त्यांनी माझ्या समाधानासाठी मीटरच्या काड्या प्लगमध्ये घातल्या. सुई दोनशे ओलांडून गेली, दोनशे वीस ओलांडून गेली, दोनशे चाळीसवरही थांबली नाही, आणखी थोडी पुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी काड्या काढून परत घातल्या. मीटर दुसऱ्या खोलीत नेऊन तिथल्या प्लगात घातलं.

गेलं वर्षभर आमचा डबा दोनशेच्या खुंटीवर बसून हे एवढं पाणी पीत होता. आयुष्यभर कमीची सवय, त्यामुळे जास्त झालेलं आम्हाला कळलंच नाही. रायपूर सोडून दुसरीकडच्या माणसानं पहिल्याच दिवशी प्लग मोजला असता. आम्ही मोजला नाही, कारण आम्हाला खात्री होती. वर माळ्यावरून स्टॅबिलायझर काढून आणखी वाढवून द्यायला निघालो होतो.

नवऱ्यानं मीटर बाजूला ठेवलं. मग हसायला लागला. त्यांना स्वतःवर हसता येतं, म्हणून तर मी त्यांच्याजवळ एवढी वर्षं टिकले. त्यांनी वायर सोडवली आणि शोभेच्या तिसऱ्या खुंटीवर लावली. व्हॉल्व मवाळ लाल झाले. मी हेडफोन लावले आणि थक्क झाले. आवाज लहान झाला होता, पण प्रत्येक अक्षर सुटं होतं. इतके दिवस तो डबा माझ्यावर ओरडत होता, आणि मला वाटत होतं की माझ्यासारखीला असंच ऐकू येत असणार. बहिऱ्या माणसाशी मोठ्यानं नाही, नीट बोलावं लागतं. मी हे माणसांना सांगून थकले होते.

बैठकीच्या दिवशी नवऱ्यानं डबा कापडी पिशवीत घालून हॉलवर आणला. त्यांनी सुचवलं, टेबलाखाली ठेवू, वायरी दिसणार नाहीत. मी म्हटलं, टेबलावर ठेवा, मधोमध, सगळ्यांना दिसेल असा. त्यांनी आधी प्लगात मीटर घातलं. आता ती त्यांची नवी पूजा झाली आहे, कुठेही गेलो तरी आधी ती. मग डबा लावला. व्हॉल्व लाल होईपर्यंत सगळे खुर्च्या सरकवत बघत राहिले. मी हेडफोन डोक्यावर चढवले, अंबाडा त्यात नीट बसत नव्हता, तो सोडून वेणी पुढे घेतली. कुणीतरी हसलं. ते मला ऐकू आलं आणि मी त्यांच्याकडे वळून बघितलं, तेव्हा ते हसू थांबलं.

सचिव मोठ्यानं बोलू लागले. मी हात वर करून थांबवलं आणि म्हटलं, हळू बोला, नेहमी बोलता तसं. त्यांनी मुद्दाम फारच हळू आवाजात विषय वाचायला सुरुवात केली. मी प्रत्येक विषयावर माझं म्हणणं मांडलं, ज्यावर मांडायची गरज नव्हती त्यावरही. खुर्च्यांच्या खरेदीवर तर मी बरंच बोलले. शेवटी वर्गाचा विषय आला. माझ्या वर्गातली एक पोरगी मी मुद्दाम बोलावली होती. ती माइकपुढे बसली, अभंग म्हटला, आणि मधेच थांबून मला तिच्या हिंदीत हळूच विचारलं, "दीदी, मेरा गंधार उतर गया न?" मी म्हटलं, हो, उतरला, पण तुला कळला ना, मग आता चढव. तक्रार केलेली आई मागे बसली होती. तिला मी नंतर काही विचारलं नाही, तिनंच मान खाली घालून वर्गाच्या वेळा विचारल्या.

कीबोर्डवाल्या मास्तरांना सकाळची वेळ द्यावी, माझा वर्ग आहे तिथेच आहे, असं मीच सुचवलं आणि मीच मंजूर केलं. कुणी हात वर केला नाही, कुणी नाही म्हटलं नाही. सत्कारासाठी आणलेला नारळ ऑफिसच्या कपाटात होता. तो मी मागून घेतला, कारण पोरांना प्रसाद द्यायचा होता.

सचिव अजून डब्याकडे बघत होते. व्हॉल्व, वायरी, लाकडी पेटारा, राजधानीच्या मंडळात हे कसं दिसेल याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. शेवटी त्यांनी काळजीनं विचारलं, आणि या खेपेला त्यांचा आवाज ना मोठा होता ना लहान, "पण ताई, संमेलनात, भर कार्यक्रमात हे बिघडलं तर?"

मी वायर गुंडाळत होते. मान वर करून म्हटलं, "बिघडलं, तर सगळ्यांत आधी मलेच ऐकू येईल."